यीशिंगच्या किटलीला वास येतो, रंग सुटतो, शिक्क्यावर शंका आहे: काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

कंपनीच्या कामावरून शांघायहून परतताना कुणी आणलेली, सिंगापूरच्या चायनाटाऊनमधून घेतलेली, नाहीतर ऑनलाइन ‘हँडमेड पर्पल क्ले’ म्हणून मागवलेली, चीनमधल्या यीशिंग शहराच्या नावाने विकली जाणारी छोटी तपकिरी किटली. चार-सहा वेळा चहा झाला की प्रश्न सुरू होतात. मी किटल्या विकत नाही. चहाच्या नादापायी त्या हाताळत आलोय आणि ओळखीपाळखीतल्यांच्या किटल्या बघून देतो. तक्रारी फिरून फिरून त्याच येतात, म्हणून क्रमाने लिहितो.

लक्षणं

• गरम पाणी ओतलं की पॉलिश, रंग, रॉकेल किंवा मेणासारखा वास येतो.
• ओल्या मातीचा किंवा कुबट वास. चहा मातकट लागतो.
• पहिल्या पाण्याला लालसर झाक. पुसलं की फडक्याला रंग.
• पाण्यावर किंवा चहावर तवंग.
• वाळल्यावर पांढरी पूड.
• अंगावर काळे ठिपके, उन्हात चमकणारे कण.
• रंग भडक: पोपटी, निळा, शेंदरी, कोळशासारखा काळा.
• बुडाला मोठ्या कारागिराचा शिक्का, सोबत प्रमाणपत्र, आणि किंमत मात्र एका जेवणाच्या बिलाइतकी.

या यादीत दोन वेगळे प्रश्न मिसळलेत. ‘यातून चहा प्यायला धोका आहे का?’ हा एक, ‘ही खरी यीशिंगची आहे का?’ हा दुसरा. घेऊन येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हे एकच वाटतं: नकली म्हणजे विषारी, अस्सल म्हणजे निर्धोक. तसं नाही. दक्षिण चीनमधल्या छाओझोऊची चाकावर घडवलेली लाल किटली यीशिंगची नसते, पण ती शतकानुशतकं त्याच भागातल्या चहासाठी वापरात आहे. युन्नानमधल्या जिआनशुईची, ग्वांगशीतल्या छिनझोऊची मातीही अशीच नावाजलेली. दुकानदाराने ‘यीशिंग’ म्हणून विकली तर ती फसवणूक आहे, विषबाधा नव्हे. उलट खऱ्या यीशिंग मातीच्या किटलीला कुणी बूट-पॉलिश चोळून जुनाट झळाळी आणलेली असू शकते, आणि ती तशीच वापरणं मूर्खपणाचं ठरेल. म्हणून खाली प्रत्येक तपासणीपाशी ती कोणत्या प्रश्नाचं उत्तर देते हे सांगत जातो. सुरक्षिततेचं आधी, अस्सलपणाचं नंतर.

१. नाक (फुकट, पाच मिनिटं)

किटली धुवू नका. रात्रभर झाकण लावून ठेवा, सकाळी झाकण उचलताक्षणी वास घ्या. मग उकळतं पाणी काठोकाठ भरून पाच मिनिटं झाका, पांढऱ्या कपात ओता आणि पुन्हा हुंगा. हे पाणी प्यायचं नाही. पातळ लाल मातीची किटली एकदम उकळत्या पाण्याने तडकू शकते, म्हणून आधी कोमट पाण्याने खळबळून घ्या.

या किटलीला आतून-बाहेरून काचेचा लेप म्हणजे ग्लेझ नसतं. यीशिंगची झिशा माती (तीच ‘पर्पल क्ले’) साधारण ११०० ते १२०० अंश सेल्सिअसला भाजतात. ती घट्ट होते, पण पूर्ण काच होत नाही. बारीक छिद्रं शिल्लक राहतात. चहाचे शौकीन या छिद्रांसाठीच ती घेतात, आणि वासही तिथेच दडून बसतो. तेव्हा वास आला एवढ्याने काही ठरत नाही, कसला आला ते महत्त्वाचं.

ओल्या मातीचा हलका वास, जो दोन-तीनदा पाणी बदलल्यावर कमी होतो: नवी किटली, भट्टीतली धूळ. सोडून द्या. मातीचा वास तसाच राहिला आणि चहाही मातकट लागत राहिला, तर किटली कमी भाजलेली असण्याची शक्यता मोठी. कमी भाजलेली किटली पाणी भसाभसा पिते, आणि तिच्यात मिसळलेलं काहीही मातीत पक्कं बांधलं गेलेलं नसतं. ही खूण लक्षात ठेवा, रंगाच्या तपासणीत पुन्हा लागेल.

कुबट, बंद कपाटासारखा वास: मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळ्यात झाकण लावून ठेवलेल्या किटलीला हा येणारच. ही बुरशी आहे. उपाय पाचव्या तपासणीत आहे.

मसाल्याचा, अगरबत्तीचा, फिनाइलचा वास: कपाटात शेजारी काय ठेवलंय ते बघा.

पॉलिश, थिनर, मेण, रॉकेल: वर काहीतरी चोळलंय. जुनी, हाताळलेली किटली मंद चमकते, आणि ती चमक विकली जाते. ती यायला वर्षं लागतात. ज्यांना थांबायचं नसतं ते मेण, तेल, बूट-पॉलिश वापरतात. असा वास असेल तर चहा बंद. पाचवी तपासणी होईपर्यंत किटली शोभेला ठेवा.

२. पांढरं फडकं (फुकट)

पांढरं सुती फडकं गरम पाण्यात पिळून किटली आतून, बाहेरून, झाकणाच्या कडेवरून आणि बुडावरून जोर देऊन पुसा. कोरड्या नव्या किटलीवरून थोडी तांबूस किंवा पांढरी धूळ येतेच. पांढऱ्या धुळीला बरेच जण घाबरतात. किटली आणि झाकण सहसा एकत्रच भाजतात, आणि ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून कडेला ॲल्युमिना किंवा वाळूची पूड लावतात. ती झाकणाच्या आतल्या कडेवर राहून गेलेली असते. धुतली की संपली.

दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पुसल्यावरही रंग येत असेल, तर तो भाजलेल्या मातीचा नाही. भट्टीतून निघालेल्या मातीचा रंग सुटत नाही. तो वरून लावलेला आहे, किंवा माती भाजलीच गेली नाही. दोन्ही बाबतीत वापर थांबवा. चहाच्या डागाशी गल्लत करू नका: वापरातल्या किटलीच्या आतून येणारा तपकिरी रंग बहुतेकदा चहाचाच असतो. म्हणून ही तपासणी पहिल्या चहाच्या आधी करायची. वापरलेली किटली असेल तर बाहेरून आणि बुडावरून पुसून निर्णय घ्या.

आता तवंग. चहावर राखाडी, फुटलेल्या काचेसारख्या रेषा दिसणारा पातळ पापुद्रा येत असेल, तर तोच चहा त्याच पाण्याने काचेच्या ग्लासात करून बघा. तिथेही आला तर दोष पाण्याचा. कठीण पाण्यातला कॅल्शियम आणि चहातले घटक मिळून तो पापुद्रा करतात. बोअरवेलच्या पाण्यावर हमखास येतो. नुसत्या गरम पाण्यावर, चहा नसताना, इंद्रधनुषी तेलकट रंग दिसला तर ते मेण किंवा तेल. वाळल्यावर येणारी पांढरी पूडही बोअरच्या पाण्याची असू शकते. आठवडाभर आरओचं पाणी वापरा, थांबते की नाही ते दिसेल.

काळे ठिपके आणि चमकणारे कण हे दोष नाहीत. झिशा हा खडकासारखा कठीण कच्चा माल असतो. तो उन्हापावसात मोकळा होऊ देतात, दळतात, मळतात. त्यात लोह, क्वार्ट्झ, अभ्रक असतं. अभ्रक चमकतं, आणि लोहाचे मोठे कण भट्टीत वितळून काळा ठिपका सोडतात.

३. मोबाइलचा टॉर्च (फुकट, पण थोडी नजर लागते)

या तपासणीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण आतला भाग बघायचा बरेच जण कंटाळा करतात, आणि विकणाऱ्यांना ते माहीत असतं.

आधी एकच बघा: आतून काचेसारखी चमक आहे का? असेल तर ती पारंपरिक झिशाची किटली नव्हे. तिच्यावर ग्लेझ किंवा वार्निश आहे. ग्लेझ म्हणजे लगेच वाईट नव्हे. चांगल्या पोर्सेलिनलाही ग्लेझ असतं. पण शिसं किटलीत शिरायचं असेल तर ते ग्लेझमधून आणि वरून काढलेल्या रंगीत चित्रांतून शिरतं. कमी तापमानाला वितळणारं चकचकीत ग्लेझ करायला शिसं फार सोयीचं. बिनग्लेझच्या, नीट भाजलेल्या झिशात शिसं घालायला काही कारणच नाही. म्हणून ‘झिशा’ म्हणून घेतलेल्या किटलीला आतून ग्लेझ असेल, तर माझ्या लेखी शंका वाढली. ते ग्लेझ तडकलेलं, सोलपटलेलं असेल तर थेट आठवीकडे जा.

आत ग्लेझ नसेल, तर घडण वाचा. यीशिंगची खरी रीत चाकाची नाही. माती लाकडी थापीने थापून पट्टी करतात, ती गोल वळवून दोन टोकं जोडतात, आणि फिरवत फिरवत बाहेरून थापीने ठोकून पोट आणि खांदा आत वळवतात. बूड आणि वरची चकती वेगळी जोडतात. शेवटी म्हशी-बैलाच्या शिंगाच्या पातळ पट्टीने बाहेरचा भाग घासतात, त्यातून ती मंद चमक येते. टॉर्च आत धरून कडीच्या बाजूची भिंत वरपासून खालपर्यंत बघा. पूर्ण हाताच्या कामात तिथे बहुधा उभी जोडरेघ पुसट दिसते, कारण जोड कडीखाली लपवतात. बुडाच्या कोपऱ्यात, भिंत मिळते तिथे, जोडमातीची बारीक कड जाणवते. बोट फिरवून बघा.

साच्यात दाबून केलेली, ज्याला तिथे अर्धी हाताची म्हणतात ती, आतून खरडलेली असते आणि आकार सगळीकडे एकसारखा. ती खोटी नाही. माफक किमतीतल्या बऱ्याचशा किटल्या अशाच असतात. फक्त ‘पूर्ण हाताची’ म्हणून त्या किमतीत घेऊ नका.

बुडापासून वर जाणारी चक्राकार, बोटाने काढल्यासारखी वळणं दिसली तर ती चाकावरची. छाओझोऊची असेल, किंवा यीशिंगमधलीच स्वस्त.

चौथा प्रकार ओतीव किटलीचा. पातळ माती प्लास्टरच्या साच्यात ओततात, भिंतीला थर चिकटला की उरलेली ओतून टाकतात. आतून ती गुळगुळीत, एकजिनसी, वाळूचा कण नसलेली. पक्की खूण अशी: बाहेर बांबूचं पेर किंवा फूल उठावाचं असेल, तर आत नेमक्या त्याच जागी खड्डा असतो. तोटीच्या मुळाशीही भिंतीची जाडी तशीच वाहत गेलेली दिसते. माती पातळ आणि वाहती ठेवायला यात सोडियम सिलिकेट घालतात, काही ठिकाणी बेरियम कार्बोनेटही. ओतीव पद्धत जगभरच्या कपबश्यांना वापरतात, त्यामुळे पद्धत वाईट नाही. पण ओतीव किटलीत झिशाची छिद्रं आणि वाळू नसते, आणि स्वस्त मालात ती किती भाजली याची हमी कोण देणार? ओतीव घडण, भडक रंग आणि मातीचा वास, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तर मी पुढची तपासणी करत बसत नाही. कुंडी करा.

४. रंग (फुकट)

दिवसाच्या उजेडात बघा, दुकानाच्या पिवळ्या दिव्याखाली नाही. झिशाचे मुख्य रंग मातकट असतात: यकृताच्या रंगाची जांभळट तपकिरी झिनी, विटेसारखी होंगनी, जास्त आकसणारी आणि घट्ट लाल झूनी, बिस्किटाच्या रंगाची पिवळसर दुआन्नी. हिरवी म्हणवली जाणारी कच्ची माती भट्टीतून निघते ती पिवळट. तेव्हा किटली पोपटी किंवा निळी असेल तर तो मातीचा रंग नाही. क्रोमियम किंवा कोबाल्टचं संयुग घातलंय. गडद काळी दोन प्रकारे होते: मँगनीज घालून, किंवा भाजलेली किटली भुशात-कोळशात हवाबंद करून पुन्हा भाजून. दुसरी रीत जुनी आणि निर्धोक आहे.

रंग मिसळलाय म्हणजे तो चहात येतोच असंही नाही. उच्च तापमानाला असे ऑक्साइड मातीतच बांधले जातात, आणि यीशिंगच्या कारागिरांनी ते पूर्वीही वापरलेत. अडचण कमी भाजलेल्या स्वस्त मालाची. २०१० च्या मे महिन्यात चीनच्या सरकारी दूरचित्रवाहिनीने (सीसीटीव्ही) या धंद्याचं बिंग फोडलं: साध्या मातीत आयर्न ऑक्साइड, मँगनीज डायऑक्साइड वगैरे घालून झिशाचा रंग आणायचा आणि नैसर्गिक म्हणून विकायचं. विजेवर चालणाऱ्या ‘झिशा’ शिजवण-भांड्यांचंही त्यात उघडं पडलं आणि बाजारातून माल परत घ्यावा लागला. त्या बातमीनंतर ‘रसायनाची किटली’ हा शब्द चिनी ग्राहकांच्या तोंडी बसला तो कायमचा.

माझा नियम: भडक रंग, पण वास नाही, फडक्याला रंग नाही, पाणी हळू मुरतं (सहावी तपासणी), तर वापरायला हरकत नाही, फक्त आंबट काही घालू नका. भडक रंग आणि नाक किंवा फडकं यांपैकी एका तपासणीत नापास, तर नको.

५. उकळणं (तासभर गॅस)

हा उपायही आहे आणि तपासणीही. मोठ्या पातेल्याच्या तळाशी जुनं फडकं अंथरा, झाकण वेगळं करून किटली आडवी ठेवा, साधं थंड पाणी बुडेपर्यंत भरा, आणि मंद आचेवर चढवा. उकळी आल्यावर वीस-तीस मिनिटं. मग पाण्यातच थंड होऊ द्या, गडबड नको. एकदम तापवणं आणि एकदम गार करणं, यातच किटल्या जातात. कुबट वासाला पाण्यात चमचाभर खायचा सोडा टाका, नंतर साध्या पाण्यात पुन्हा एकदा उकळा, आणि झाकण काढून हवेशीर जागी चांगली दोन दिवस वाळवा. टोफू, ऊस घालून उकळायचे विधी सांगतात. त्यांची गरज नाही. साबण तर अजिबात नको, छिद्रांत बसला की महिनाभर चहात फेस.

मेण असेल तर पाणी गार झाल्यावर वर पापुद्रा गोठतो, कडेला बोट लावलं की चिकट लागतं. पाणी फेकून नव्या पाण्यात पुन्हा. दोनदा-तीनदा उकळल्यावर पाणी स्वच्छ आणि वास गेलेला असेल, आणि खालचा रंग तोच राहिला असेल, तर किटली वाचली. वास तसाच असेल, किंवा रंग उतरून खालून फिकी माती दिसायला लागली, तर नादाला लागू नका.

६. पाण्याचा थेंब, आवाज, लोहचुंबक

झटपट. कोरड्या किटलीवर पाण्याचा थेंब ठेवा. सावकाश पसरला-मुरला तर ठीक. मोत्यासारखा टिकून घरंगळला तर मेण किंवा ग्लेझ. कागदासारखा शोषला गेला तर कमी भाजलेली. झाकण हलकेच काठावर टेकवून येणारा आवाज मी ऐकतो, पण त्यावर निर्णय घेत नाही. झूनीची किटली टणटणते, जाड दुआन्नी ठप्प वाजते, दोन्ही खऱ्या. हा आवाज तडा शोधायला मात्र चांगला: फुटक्या मडक्यासारखा बद्द आला की केसाएवढा तडा शोधा. लोहचुंबक दाखवणाऱ्या विक्रेत्याला नमस्कार करून निघा. लोह खऱ्या मातीत असतं तसं बाहेरून मिसळलेल्या रंगातही असतं.

झाकणाच्या छिद्रावर बोट ठेवलं की धार थांबते, हा प्रयोग सगळेच करून दाखवतात. तो झाकण नीट बसतं एवढंच सांगतो. अस्सलपणाशी आणि विषाशी त्याचा संबंध नाही.

७. शिक्का, प्रमाणपत्र, किंमत

इथून पुढे प्रश्न फक्त पैशाचा.

यीशिंग जिआंगसू प्रांतात, ताइहू सरोवराच्या पश्चिम काठाकडे. किटल्यांचं खरं केंद्र तिथलं दिंगशू गाव, आणि माती मुख्यतः शेजारच्या हुआंगलोंगशान टेकडीची. तिथलं खाणकाम २००० च्या दशकात सरकारने बंद केलं. आधी काढून ठेवलेला साठा आहे, पण बाजारात ‘हुआंगलोंगशानची मूळ माती’ म्हणून जेवढं विकलं जातं तेवढं त्या टेकडीतून निघणं कठीण. हा दावा प्रत्येक पेटीवर छापलेला असतो. त्याला शून्य गुण द्या.

शिक्का बुडाला, झाकणाच्या आत आणि कडीच्या मुळाशी असतो. रबरावर कोरून कुणीही मारू शकतं. नक्कल नवी नाही: मिंग-छिंग राजवटींच्या काळातल्या हुई मेंगचेन या कारागिराचं नाव इतक्या लहान लाल किटल्यांवर उमटलंय, की ते नाव अशा किटल्यांचंच होऊन बसलंय. सतराव्या शतकात या किटल्या डच जहाजांतून युरोपात पोचल्या, तर हॉलंडमधल्या डेल्फ्टमध्ये आरी द मिल्डेने आणि इंग्लंडमध्ये एलर्स बंधूंनी तशाच लाल किटल्या करून विकल्या. पुढे जर्मनीतल्या सॅक्सनीत बॉट्गरनेही केल्या. त्यामुळे ‘माझ्या किटलीवर मेंगचेन आहे’ याचा अर्थ किटली लहान आणि लाल आहे, इतकाच. यीशिंगमधल्या सरकारी पहिल्या कारखान्याचा ‘चुंगक्वो यीशिंग’ (म्हणजे ‘चीन यीशिंग’) शिक्काही असाच बेफाम वापरला जातो.

यीशिंगचे नामवंत कारागीर गू जिंगझोउ (१९१५–१९९६) यांचं नाव बुडाला असेल तर हसू आवरा. त्यांची एक किटली २०१० मध्ये बीजिंगच्या लिलावात १ कोटी २० लाख युआनहून जास्त किमतीला गेली. तशी किटली कुरिअरने दीड हजारात येत नाही. हयात कारागिरांचंही तेच. साधी गोल किटली पूर्ण हाताने करायला दिवस जातात, सरकारी दर्जा मिळालेले कारागीर त्यासाठी हजारो युआन घेतात, आणि त्यांच्या नावाखाली शिकाऊ माणसांनी केलेला मालही विकला जातो, तोही प्रमाणपत्रासकट. प्रमाणपत्रावरचा फोटो आणि तुमच्या हातातली किटली तोटीच्या कोनापासून ताडून बघा. बहुतेकदा तेवढ्यावरच काम भागतं.

किटली चांगली ओतते, वास नाही, साध्या मातीची आहे, आणि साध्या किटलीचेच पैसे दिलेत? मग शिक्का विसरा आणि चहा करा.

८. इथे घरगुती तपासण्या थांबवा

शिशाची रंग बदलणारी काडी बाजारात मिळते. मी ती वापरायला सांगत नाही. काडी लाल झाली नाही म्हणजे शिसं नाही, असं होत नाही. ती किती शिसं पाण्यात येतं हे मोजत नाही. लिंबू किंवा व्हिनेगर रात्रभर भरून ‘रंग बदलतो का’ बघण्याचेही व्हिडिओ आहेत. शिसं पाण्यात उतरलं तरी दिसत नाही, आणि नंतर त्याच किटलीत चहा करणारे लोक मी पाहिलेत.

पुढच्या बाबतीत प्रयोगशाळा:

आतून ग्लेझ आहे आणि ते तडकलंय किंवा सोलपटतंय. आत किंवा काठावर, ओठ लागतो तिथे, रंगीत चित्रकाम आहे. किटली रोज वापरायची आहे आणि घरात गरोदर बाई किंवा लहान मूल आहे. वरच्या तपासण्यांत ती काठावर पास झालीय, पण महागाची आहे म्हणून फेकवत नाही.

एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली, अन्नसंपर्कातल्या भांड्यांची चाचणी करणारी प्रयोगशाळा शोधा, मुंबई-पुण्यात आहेत. ‘झिरपण्याची चाचणी, शिसं आणि कॅडमियम’ असं स्पष्ट मागा. भांड्यात ४ टक्के ॲसिटिक आम्ल २४ तास ठेवून त्यात किती धातू उतरला ते मोजतात. भडक रंगाची असेल तर मँगनीज, कोबाल्ट, क्रोमियम, बेरियमही जोडायला सांगा. नुसती बंदुकीसारख्या यंत्राने केलेली एक्सआरएफ (क्ष-किरणांची) चाचणी पुरत नाही: ती मातीत काय आहे ते सांगते, चहात किती येतं ते नाही. आकडा कशाशी ताडायचा तर एक माप देतो, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची कप, मग, जग यांच्यासाठीची शिशाची मर्यादा दर मिलिलिटरला ०.५ मायक्रोग्रॅम. चाचणीचा खर्च साध्या किटलीच्या किमतीहून जास्त होऊ शकतो. तसं असेल तर हिशेब सोपा: शंकास्पद स्वस्त किटली चाचणीला पाठवू नका, टाका.

शंकेच्या ग्लेझवाल्या किटलीतून महिनोन्‌महिने चहा झाला असेल, तर किटलीचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांना सांगा आणि रक्तातलं शिसं तपासून घ्या. मुलांचं आधी. ‘शरीर शुद्ध’ करणारी पुडी-काढा स्वतःच्या मनाने घेऊ नका. शिसं बाहेर काढायची औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असतात.

जुन्या किटलीचं वेगळं. आजोबा हाँगकाँग-शांघायला नोकरीला होते आणि कपाटात त्यांची किटली निघाली, असं एखादं घर असतं. ती उकळू नका, सोडा लावू नका, घासू नका. आतला चहाचा थर आणि बाहेरचा मळ हाच तिच्या वयाचा पुरावा असतो, आणि एकदा धुतला की परत येत नाही. दोन-चार फोटो नीट काढा: बूड, शिक्का, झाकणाचा आतला भाग, कडीखालची भिंत. चिनी वस्तूंचा जाणकार किंवा लिलावघर बघू द्या. थर्मोल्युमिनेसन्सने भाजणीचा काळ काढता येतो, पण त्यासाठी मातीचा नमुना कोरून घ्यावा लागतो, म्हणून तो निर्णय जाणकाराच्या सल्ल्याने. वयाचा निकाल लागेपर्यंत तिच्यातून चहाही नको. जुन्या किटलीच्या आत नंतर कुणी काय लावलंय ते बाहेरून कळत नाही.

पास झालेल्या किटलीसाठी

गॅसवर ठेवू नका. दुधाचा चहा तिच्यात ओतू नका. दूध छिद्रांत आंबतं आणि मग पहिल्या तपासणीपासून सगळं पुन्हा. लिंबाचा चहा, कोकमचं सरबत, चिंचेचं काहीही नको, कारण आम्ल हेच धातू बाहेर ओढणारं द्रव्य आहे. साध्या चहाचं पाणी सौम्य आणि मिनिटा-दोन मिनिटांचं असतं, तरी रात्रभर पत्ती भिजत ठेवू नका. वापर झाला की गरम पाण्याने खळबळा, उपडी न ठेवता झाकण बाजूला काढून ठेवा. पावसाळ्यात तर कपाटात बंद करूच नका, फ्रिजच्या वरची उबदार जागा चांगली.